चिकटवावे, पण कशाला?

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. अशा फिरत्या घराच्या टपावर सौर पॅनेल भोके न पाडता नुसते चिकटवावे, असे म्हटले की लोक हसतात. माझ्या मते हसू नये. आधी गणित करावे.

समजा, कोरेगावहून पंढरपूरकडे निघालेल्या गाडीवर ताशी ९० किलोमीटर वेगाचा वारा येतो आहे. त्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ३७५ न्यूटन होतो. दोन चौरस मीटरच्या पॅनेलवर ७५० न्यूटन, म्हणजे एका माणसाचे वजन. चांगला पॉलियुरेथेन चिकटपदार्थ दर चौरस सेंटिमीटरला १०० न्यूटन सहज पेलतो. हिशेबाने काडेपेटीएवढी जागा पुरे!

मग पॅनेल सुटते का? चिकटपदार्थ धरतो तो सर्वांत वरच्या थराला. तो थर धुळीचा, गंजाचा किंवा सुटत्या रंगाचा असेल, तर पॅनेल त्या थरासकट निघून येते आणि मागच्या दुचाकीस्वारावर पडते.

दुसरे कारण उष्णता. तापमान ४० अंशांनी वाढले की दोन मीटर लांबीची ॲल्युमिनियमची चौकट सुमारे १.८ मिलिमीटर वाढते, तर पोलादी टप १ मिलिमीटर. हा रोजचा ओढा कडक, पातळ थराला तडे पाडतो; रबरासारखा जाड थर मात्र लवतो.

म्हणून टप खरवडून, पुसून, कोरडा करूनच लवचिक चिकटपदार्थ वापरावा. एवढे कष्ट नको असतील, त्याने मुकाट्याने बोल्ट मारावेत. शिक्षकांनी वर्गात पत्र्याच्या एका स्वच्छ व एका गंजक्या पट्टीला आकडे चिकटवून, वजने टांगून हे अवश्य दाखवावे.