परवाना मिळतो, बस चालवायला कोण शिकवणार?

मुंबई - कुर्ला पश्चिमेला ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री 'बेस्ट'ची विद्युत बस गजबजलेल्या रस्त्यावर बेफाम धावत सुटली. वाटेत आलेली वाहने आणि पादचारी यांना चिरडत ती थांबली तेव्हा अनेक कुटुंबे उद्‍ध्वस्त झाली होती. मृतांचा आकडा सातच्या पुढे गेला, जखमींची संख्या चाळीसच्या आसपास होती. संबंधित चालक पूर्वी हाताने गिअर बदलण्याच्या लहान बस चालवीत असे व मोठ्या स्वयंचलित बसचा सराव त्याला अत्यल्प मिळाला होता, असे वृत्त तेव्हा प्रसिद्ध झाले. प्रकरण न्यायालयात गेले. मात्र साध्या मोटारीचा परवाना असलेला माणूस शहर बसच्या स्टिअरिंगवर नेमका कसा पोहोचतो, या मूळ प्रश्नाकडे त्या गदारोळात फारसे कोणी वळले नाही.

कायद्याने आखलेली वाट कागदावर सरळ आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार परिवहन वाहन चालविण्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात. हलक्या वाहनाचा पक्का परवाना किमान एक वर्ष हाती असल्याशिवाय परिवहन वाहनाचा शिकाऊ परवानाही मिळत नाही. त्यानंतर डॉक्टरांचे प्रमाणपत्र, मान्यताप्राप्त मोटार ड्रायव्हिंग स्कूलचा नमुना ५ मधील दाखला, शिकाऊ परवान्यावर किमान ३० दिवस आणि शेवटी आरटीओतील चाचणी, असा क्रम असतो. प्रवासी वाहनासाठी महाराष्ट्रात आणखी एक पायरी आहे. सार्वजनिक सेवा वाहन चालविण्याचे प्राधिकारपत्र घ्यावे लागते. चालकांच्या भाषेत 'बॅज' किंवा 'बिल्ला'. त्यासाठी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते. पूर्वी आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती, ती २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने परिवहन परवान्याची मुदतही तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली.

या वाटेवरचा सर्वांत दुबळा टप्पा चाचणीचा नाही, तर त्याआधीच्या शिक्षणाचा आहे. नियमांनुसार परिवहन वाहनाच्या प्रशिक्षणाचा कालावधी किमान ३० दिवस आणि त्यात प्रत्यक्ष वाहन चालविण्याचे तास किमान १५ असावे लागतात. दिवसाला सरासरी अर्धा तास. हे तास भरले की नाहीत, याची खातरजमा करणारी यंत्रणा म्हणजे दाखल्यावरची सही. शिवाय हा सराव बसवरच व्हावा, असे बंधन नाही. १९९४ च्या दुरुस्तीपूर्वी मध्यम माल वाहन, मध्यम प्रवासी वाहन, अवजड माल वाहन आणि अवजड प्रवासी वाहन असे चार स्वतंत्र वर्ग कायद्यात होते. दुरुस्तीने ते चारही पुसून 'परिवहन वाहन' हा एकच वर्ग ठेवला. परिणामी ट्रकवर हात बसवून चाचणी दिलेला उमेदवार परवान्याच्या दृष्टीने बसलाही पात्र ठरतो.

ट्रकमध्ये माल असतो, बसमध्ये उभी माणसे. जोरात ब्रेक दाबला तर पोती जागची हलत नाहीत. बसमधली आजी मात्र थेट दांड्यावर आदळते.

मोटारीतून बसकडे येणाऱ्याला तर जवळजवळ सगळेच नव्याने शिकावे लागते. मोटारीचे वजन टन-दीड टन, तर प्रवाशांसह भरलेल्या १२ मीटर लांबीच्या बसचे वजन पंधरा टनांच्या पुढे जाते. मोटारीत पुढची चाके चालकाच्या पुढे असतात, शहर बसमध्ये ती त्याच्या पाठीमागे असतात. त्यामुळे मोटारीच्या सवयीने वळण घेतले, तर मागची चाके पदपथावर चढतात किंवा डाव्या बाजूने घुसलेल्या दुचाकीस्वाराला दाबतात. वळताना बसची शेपटी विरुद्ध दिशेला बाहेर फेकली जाते, हे मोटारचालकाच्या कधी अनुभवालाच आलेले नसते. ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. टाकीत पुरेसा दाब नसताना गाडी हलविणे म्हणजे संकटाला निमंत्रण. थांब्यापाशी बस पदपथाला समांतर लावणे हेही वेगळे कौशल्य आहे आणि मुंबई-पुण्यात थांब्यासमोर उभ्या असणाऱ्या रिक्षा ते शिकूही देत नाहीत.

विद्युत बसने या अभ्यासक्रमात नवा धडा घातला. येथे क्लच नाही, गिअरचा दांडा नाही आणि इंजिनाचा आवाजही नाही. डिझेल बसचा चालक वेगाचा अंदाज बराचसा कानाने घेत असतो. ती सोय येथे नाहीशी होते. मोटरची ताकद पेडल दाबताक्षणी मिळते, तर पाय उचलल्यावर गाडी स्वतःच वेग कमी करते व ती ऊर्जा बॅटरीत परतते. वर्षानुवर्षे क्लच दाबण्याची सवय असलेला पाय अडचणीच्या क्षणी जुन्या सवयीवर जातो, हे कोणताही अनुभवी प्रशिक्षक सांगेल. परवान्यावर मात्र या फरकाची कसलीही नोंद नसते. डिझेलची बस चालविणारा दुसऱ्या दिवशी विद्युत बस घेऊन निघाला, तर कायद्याचा भंग होत नाही.

पूर्वी ही उणीव परिवहन उपक्रम स्वतः भरून काढीत. 'बेस्ट'चे दिंडोशीचे प्रशिक्षण केंद्र आणि एसटीची भोसरी येथील संस्था यांचा दबदबा त्यातूनच निर्माण झाला. आरटीओचा परवाना ही तेथे प्रवेशाची अट असे, शिक्षण पुढेच सुरू होई. भाडेतत्त्वावरील बस आल्यावर चित्र पालटले. या पद्धतीत बस, तिची देखभाल आणि चालक कंत्राटदाराचा. उपक्रम किलोमीटरच्या हिशेबाने पैसे मोजतो. किलोमीटर न धावता प्रशिक्षणात घालविलेला दिवस कंत्राटदाराच्या दृष्टीने निव्वळ खर्च ठरतो. ऑगस्ट २०२३ मध्ये भाडेतत्त्वावरील बसच्या कर्मचाऱ्यांनी वेतनवाढीसाठी काम बंद ठेवले तेव्हा मुंबईकरांना या व्यवस्थेची एक बाजू दिसली. कमी पगारावर टिकणारे चालक कमी आणि सोडून जाणारे जास्त. त्यामुळे नव्याने शिकवायचेही सतत. देशात २२ लाख चालकांची कमतरता असल्याचे केंद्रीय परिवहनमंत्री नितीन गडकरी वारंवार सांगत आले आहेत. अशा बाजारात जो मिळेल त्याला स्टिअरिंगवर बसविण्याचा मोह आवरणे सोपे नसते.

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी, म्हणजे कुर्ल्याच्या अपघाताच्या महिनाभर आधी, दिलेला निकाल येथे नीट समजून घेतला पाहिजे. ७,५०० किलोपर्यंतच्या परिवहन वाहनासाठी हलक्या वाहनाचा परवाना पुरेसा आहे, वेगळ्या नोंदीची गरज नाही, असे पाच न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केले. विमा कंपन्यांचा याला विरोध होता. मात्र अशा परवानाधारकांमुळेच अपघात वाढल्याची आकडेवारी न्यायालयापुढे आली नाही. टॅक्सी, टेम्पो चालविणाऱ्या लाखोंना त्यातून दिलासा मिळाला. मोठी शहर बस या वजनमर्यादेच्या कितीतरी पुढे असल्याने तिला हा निकाल लागू होत नाही. मोटारीच्या परवान्यावर आता बसही चालविता येते, असा अर्थ काही जण लावतात तो चुकीचा आहे.

केंद्राने १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची योजना लागू केली. तेथे मध्यम व अवजड वाहनांसाठी सहा आठवड्यांत ३८ तासांचा अभ्यासक्रम आहे, त्यात सिम्युलेटरही आहे. १५ तासांच्या तुलनेत ही मोठी सुधारणा होय. पण या केंद्रातून उत्तीर्ण झालेल्याला आरटीओच्या चाचणीतून सूट मिळते, म्हणजे शिकविणारा आणि पास करणारा एकच. ब्रिटनमध्ये बससाठी परवान्याचा स्वतंत्र वर्ग आहे आणि व्यावसायिक बसचालकांना दर पाच वर्षांनी ३५ तासांचे प्रशिक्षण पुन्हा घ्यावे लागते. ही पद्धत तेथे २००८ पासून अमलात आहे. आपल्याकडे पाच वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी चालकाचे डोळे आणि प्रकृती तपासली जाते. मधल्या काळात त्याच्या हाती डिझेलऐवजी विद्युत बस आली, नऊ मीटरऐवजी बारा मीटरची आली, तरी त्याविषयी विचारणारा रकाना अर्जात नाही.