व्यासपीठ कोणाचे? फूको, शहादा आणि मराठी समीक्षा

मार्च १९७२ मध्ये मिशेल फूको आणि जील देल्यूझ यांच्यात बुद्धिजीवी आणि सत्ता या विषयावर संवाद झाला. मराठी विद्यापीठीय वर्तुळात बुद्धिजीवीच्या भूमिकेची चर्चा बहुधा या संवादापासून सुरू होते आणि गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८८ च्या निबंधात त्यावर घेतलेल्या आक्षेपापाशी थांबते. त्याच १९७२ साली, तेव्हाच्या धुळे आणि आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्यात, श्रमिक संघटना उभी राहिली, याची दखल मात्र या चर्चेला घ्यावीशी वाटत नाही. ही उणीव केवळ माहितीची मानणे म्हणजे तिला सवलत देणे होय.

सार्त्रप्रणीत बुद्धिजीवी वैश्विक सत्याचा आधार घेऊन शोषितांच्या वतीने बोलतो. फूकोने हा अधिकारच नाकारला. लोकांना आपली स्थिती पुरती कळते. त्यांचे बोलणे अडवणारी एक व्यवस्था असते आणि बुद्धिजीवी स्वतः तिचा घटक असतो, असे त्याचे प्रतिपादन. १९७१ साली स्थापन झालेल्या तुरुंगविषयक माहिती-गटातील त्याचे काम याच भूमिकेशी सुसंगत होते. स्पिवाक यांचा आक्षेप मर्मावर बोट ठेवतो: 'लोक स्वतःच बोलतात' असे जाहीर करणारा स्वतः अदृश्य होतो आणि त्याचे मध्यस्थपण चिकित्सेतून निसटते.

शहाद्यात हा पेच पुस्तकी नव्हता. भिल्ल समाजातून आलेले अंबरसिंग सुरतवंती यांचे नेतृत्व तेथे आधीच उभे होते. 'मागोवा' गटातील शहरी, सुशिक्षित मार्क्सवादी तरुण त्यांच्या साथीला गेले. प्रश्न होता सालदारांच्या मोबदल्याचा आणि आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींचा. जेथे सातबारा वाचता येणे हीच एक सत्ता असते, तेथे वाचता येणाऱ्याने प्रतिनिधित्वाच्या भयाने गप्प बसणे जमीनदाराच्याच पथ्यावर पडते. मौनाला नैतिक उंची बहाल करणाऱ्या आपल्या फूकोवाद्यांनी याचे उत्तर दिलेले नाही.

परंतु म्हणून बोलणाऱ्याला मोकळे रान मिळत नाही. याच चळवळीतून घडलेल्या वाहरू सोनवणे यांच्या 'स्टेज' या कवितेत व्यासपीठावरची माणसे समोर बसलेल्यांना त्यांचेच दुःख समजावून सांगतात आणि श्रोत्यांनी शंका काढताच त्यांना दटावतात. कवितेचा रोख उघड शत्रूवर नाही, कैवार घेणाऱ्यांवर आहे. ती बुद्धिजीवीला निघून जा म्हणत नाही. शंका घेण्याचा श्रोत्याचा अधिकार मागते. ज्यांच्याविषयी बोलले जाते त्यांना बोलणाऱ्याला मध्येच थांबवता येते का, ही तिची कसोटी आहे. तत्त्वज्ञान आणि राजकारण यांमधील बुद्धिजीवीचे स्थान या कसोटीवर जितके स्वच्छ दिसते, तितके ते फूकोच्या माघारीत किंवा स्पिवाक यांच्या चिकित्सेत दिसत नाही.

सोनवणे १९९० मध्ये पालघरच्या आदिवासी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. तेव्हा ते समीक्षेला अज्ञात होते, ही सबब चालणार नाही. तरीही 'स्टेज' ही 'आदिवासी साहित्या'च्या कप्प्यात अनुभवाचा दस्तऐवज म्हणून ठेवली जाते. सिद्धान्त पॅरिसने पुरवायचा आणि अनुभव शहाद्याने, ही श्रमविभागणी त्या कवितेतील व्यासपीठाचीच नवी आवृत्ती आहे. 'स्टेज' फूकोच्या शेजारी वाचली गेली पाहिजे, आणि तीही त्याच्या सिद्धान्ताचे उदाहरण म्हणून नव्हे, त्यावरील आक्षेप म्हणून. तोवर मराठी समीक्षेने प्रतिनिधित्वाच्या प्रश्नावर इतरांना धडे देऊ नयेत, हे बरे.