गृहव्यवहार : दारांतला मीटर काय सांगतो?

गेल्या वैशाखांत चंद्रपुरास एका आप्तांकडे उतरण्याचा योग आला. चंद्रपूर म्हणजे वडीलधाऱ्या मंडळींचें चांदा. कोळशाच्या खाणींचें आणि २,९२० मेगावॅटच्या औष्णिक वीजकेंद्राचें गांव. विजेच्या या माहेरघरींही लोक आतां आपापल्या गच्चीवर सौर पॅनेल बसवूं लागले आहेत. २०२४ सालीं सुरू झालेल्या 'पंतप्रधान सूर्यघर' योजनेंत तीन किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतें. आमच्या आप्तांनींही तसाच संच बसविला होता, आणि उरलेली रक्कम थोरल्या काकांनीं आपल्या निवृत्तिवेतनाच्या शिलकेंतून दिली होती.

एप्रिलचें बिल आलें आणि घरांत कुरबूर सुरू झाली. "गच्चीवर ३६० युनिट झाले, आणि बिलांत म्हणतात, तुमच्याकडून १७० च मिळाले. मग १९० गेले कोठें?" काकांचा हा सवाल पुतण्यास चांगलाच झोंबला, कारण संच बसविण्याची सारी खटपट त्यानेंच केली होती. कोणी मीटर बिघडल्याचें बोललें, कोणी त्याहून वाईट बोललें. दोन दिवस काका-पुतणे एका पंक्तीस जेवले, पण एकमेकांशीं बोलले नाहींत.

वास्तविक मीटरचें सांगणें खरें होतें. चूक होती ती त्याला भलताच प्रश्न विचारण्यांत. नेट मीटर हा जकातनाक्यावरच्या कारकुनासारखा असतो. बाहेरून आंत किती वीज आली आणि आंतून बाहेर किती गेली, एवढेंच तो टिपतो. गच्चीवर झालेली वीज दिवसां घरांतच पंखे, कूलर आणि पाण्याचा पंप यांनीं संपविली, तर ती नाक्यापर्यंत येतच नाहीं. तिची नोंद इन्व्हर्टरच्या बाजूस, निर्मितीच्या आंकड्यांत सांपडते. म्हणून दोन्हीं ठिकाणचे आंकडे एकत्र मांडल्यावांचून घराचा हिशेब लागत नाहीं.

तो हिशेब अखेर घरच्या सूनबाईंनीं वहींत मांडून दाखविला. निर्मिती ३६०, पैकीं बाहेर दिलेले १७०. म्हणजे घरांत खर्चिलेले १९०. संध्याकाळीं व रात्रीं बाहेरून घेतलेले २१०. घराचा एकूण वापर १९० अधिक २१०, म्हणजे ४००. बिल मात्र २१० वजा १७०, म्हणजे ४० युनिटांचें. शिवाय स्थिर आकार, जो एकही युनिट न घेतला तरी द्यावाच लागतो. "मामंजी, हरवलेले १९० आपल्याच कूलरांत सांपडले!" त्या म्हणाल्या. मग त्यांनीं मागचें पान उलटलें. आदल्या एप्रिलांत घराचा सारा वापर ३३० च होता. बिल उतरलें, पण वापर ७० युनिटांनीं वाढला. आणि ही वाढ बिलावर कोठेंच दिसत नव्हती. बिल पाहून काटकसर मोजणाऱ्या घरांनीं हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आणखी एक गोष्ट. जादा दिलेले युनिट पुढील महिन्याच्या खातीं राहतात. परंतु हें खातें ३१ मार्चला मिटतें. उरलेल्या युनिटांचे पैसे नियामक आयोगानें ठरविलेल्या दरानें मिळतात, व तो दर आपण वीज घेतों त्या दराहून बराच कमी असतो. म्हणजे थंडींत सांठविलेली पुंजी, पारा ४५ अंशांपलीकडे जातो त्या चांद्याच्या उन्हाळ्यांत कामीं येत नाहीं. त्यांत पॅनेल २५ अंशांहून अधिक तापलें, कीं दर अंशामागें निर्मिती सुमारें ०.४ टक्का घटते. सबब, विकून फायदा होईल या आशेनें गरजेहून मोठा संच घेण्यापूर्वीं वर्षभराची बिलें समोर ठेवावीं.

गडचिरोलीकडील रानांतल्या गांवांसाठीं दोन शब्द. स्मार्ट मीटर आपली नोंद बिनतारी मार्गानें स्वतःच कळवितो. जेथें संदेशवहन दुबळें असतें, तेथेंही नोंद मीटरच्या पोटांत सांठून राहते. मात्र वादळांत तारा तुटून वीज गेली, कीं बॅटरी नसलेला संचही त्याच क्षणीं थांबतो. तो बिघाड नव्हे. तारेवर चढणाऱ्या वायरमनच्या जिवासाठीं केलेली ती योजना आहे. तसेंच नेट मीटर बसण्यापूर्वीं संच सुरू करूं नये. कांहीं साधे मीटर बाहेर जाणारी वीजही घेतलेली म्हणूनच मोजतात.

दर महिन्यास एका ठराविक दिवशीं तीन आंकडे वहींत लिहावे : झालेले, दिलेले, घेतलेले. दुधाचा आणि वाण्याचा हिशेब जेथें लिहिला जातो, तेथेंच यालाही एक पान द्यावें. त्यामुळें खरोखर कांहीं चुकलें असल्यास तक्रारीस आधार मिळतो, आणि चुकलें नसल्यास घरांतल्या कोणावर विनाकारण संशय येत नाहीं.

मीं निघालों त्या सकाळीं काका चष्मा सांवरीत मीटरपाशीं उभे होते. आंकडे ते वाचीत होते, आणि वही पुतण्याच्या हातांत होती.