सातपुड्याच्या वाघांचा माग

गुजरातेत २०२५ च्या गणनेत ८९१ सिंह आढळले. परंतु रक्षणाच्या कामी नुसता आकडा अपुरा पडतो. कोणता कळप कोठे वावरतो, कोणत्या दोन-तीन नरांची जोडगोळी त्या मुलखावर हुकमत गाजवते, हे गीरमधील माग काढणारे नित्य पाहत असतात. नवे नर आले की जुन्यांचे छावे बहुधा मारले जातात. म्हणून ही ओळख मोलाची.

खानदेशाने हा धडा आपल्या वाघांसाठी घ्यावयास हवा. १८२५ ते १८३४ या काळात येथे जेम्स औट्रमच्या उपस्थितीत १९१ वाघ मारले गेले. आज मुक्ताईनगर तालुक्यातील डोलारखेड्याच्या रानात व लगतच्या केळीबागांत मोजकेच वाघ उरले आहेत. वयात आलेल्या नराला नवा मुलूख शोधणे भागच असते. मेळघाट ते यावल ही त्याची वाट शेतांतून जाते. त्याची आठवण केवळ गुरे मारली गेल्यावरच व्हावी काय? व्याघ्रगणना चार वर्षांनी होते. मधल्या काळात वाघांचा माग ठेवण्यासाठी वनखात्याने पावरा व भिल्ल तरुणांना बारमाही वेतनावर नेमावे. रान जाणणारे हात घराजवळच आहेत. त्यांना काम देणे हेच वाघाचे रक्षण होय.