‘आपली’ म्हणण्याआधी हिशेब बघा!

‘निक्की हेली आपली ना?’ कॅन्टीनमध्ये हा विषय निघाला की दोन उत्तरं ठरलेली असतात. पहिलं, ‘हो मग! अमृतसरची आहे, अभिमान वाटतो.’ दुसरं, ‘कसली आपली? नाव बदललं, धर्म बदलला.’ तुम्ही कुठल्या टेबलावर आहात? मी दुसऱ्या टेबलावर होते. मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला एका असाइनमेंटमध्ये मी बिनधास्त ठोकून दिलं होतं की, या बाईने मतांसाठी ‘निमरता’चं ‘निक्की’ करून टाकलं. मॅडमनी त्या वाक्याभोवती लाल पेनने गोल काढला आणि बाजूला एकच शब्द लिहिला, ‘तपासलं?’

नव्हतं तपासलं. मग तपासलं, तर कळलं की निक्की हे तिचं जन्मापासूनचं मधलं नाव आहे. बरं, ते इंग्रजी नाहीच, चक्क पंजाबी आहे. निक्की म्हणजे छोटी. आपण घरात धाकटीला छकुली म्हणतो ना, तसं. धर्माचं मात्र खरं आहे. लग्नानंतर, 1997 मध्ये ती शिखाची ख्रिश्चन झाली. तो तिचा प्रश्न.

तेव्हापासून मला वाटतं की, ही दोन्ही उत्तरं आळशी आहेत. ती कुठल्या घरात जन्मली एवढंच दोन्हीकडे मोजलं जातं. हातात आलेल्या खुर्चीचं तिने काय केलं, हे कोणीच विचारत नाही. आणि गंमत म्हणजे तिची सगळी गोष्ट सुरू होते ती हिशेबाच्या वहीपासून. चला, ती वहीच उघडू.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या साउथ कॅरोलायना राज्यात बॅम्बर्ग नावाचं जेमतेम अडीच-तीन हजार वस्तीचं गाव आहे. 1972 मध्ये निक्कीचा जन्म तिथे झाला. वडील अजितसिंग रंधावा प्राध्यापक, डोक्यावर पगडी. आई राज कौर शाळेत शिकवायची. गाव गोऱ्या आणि काळ्या लोकांत वाटलेलं, आणि हे कुटुंब दोन्हीत बसेना. निक्की आणि तिची बहीण लहानपणी गावातल्या सौंदर्यस्पर्धेत उतरल्या होत्या. तिथे दोन विजेत्या निवडायची पद्धत, एक गोरी आणि एक काळी. या दोघींना कुठल्या रांगेत उभं करायचं हेच आयोजकांना समजेना, म्हणून त्यांना स्पर्धेतूनच बाद केलं. तिने स्वतःच्या आत्मचरित्रात हा किस्सा सांगितला आहे.

1976 मध्ये आईने घरातूनच छोटा धंदा सुरू केला. त्याचंच पुढे ‘एक्झॉटिका इंटरनॅशनल’ नावाचं कपड्यांचं आणि भेटवस्तूंचं दुकान झालं. निक्की शाळकरी वयातच त्या दुकानाचे हिशेब लिहायला लागली. मग क्लेमसन युनिव्हर्सिटीतून अकाउंटिंगची डिग्री, थोडे दिवस नोकरी, आणि परत घरचं दुकान. तिथून व्यापाऱ्यांच्या संघटनांमध्ये शिरकाव. 2004 मध्ये तिने राज्याच्या विधिमंडळाची निवडणूक लढवली आणि स्वतःच्याच रिपब्लिकन पक्षातल्या, वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेल्या लॅरी कून यांना उमेदवारीच्या लढतीत हरवलं. घराणं नाही, गॉडफादर नाही.

2010 मध्ये ती गव्हर्नरपदासाठी उभी राहिली. (तिथला गव्हर्नर म्हणजे आपले राज्यपाल नव्हेत. निवडून येऊन राज्य चालवणारा, साधारण आपल्या मुख्यमंत्र्यांसारखा.) प्रचारात तिच्याच पक्षाच्या एका सिनेटरने पगडीवरून तिला शिवी हासडली. तरीही ती जिंकली. 2011 च्या जानेवारीत शपथ घेतली तेव्हा ती त्या राज्याची पहिली महिला गव्हर्नर होती आणि सगळ्या अमेरिकेतली सर्वांत तरुण गव्हर्नर. वय 38. इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही मोटिव्हेशनल रीलमध्ये बसते. खरा हिशेब पुढे आहे.

गल्ल्यावर बसणारी पोर दोन गोष्टी लवकर शिकते. एक, पैशाला पैसा लागला पाहिजे. दोन, समोरच्या गिऱ्हाइकाला काय ऐकायचंय. निक्की दोन्ही शिकली. आमदार असताना कोणी कुठल्या बाजूने मत दिलं याची नोंद जाहीर झालीच पाहिजे, म्हणून ती स्वतःच्या पक्षातल्या मोठ्यांशी भांडली. ही पहिल्या शिकवणीची कमाई. दुसरी शिकवण मात्र दुधारी निघाली.

राज्याच्या विधिमंडळासमोर एक झेंडा फडकत असे, कॉन्फेडरेट झेंडा. अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेचा. काळे नागरिक वर्षानुवर्षं म्हणत होते, हा उतरवा. 2014 च्या निवडणुकीतल्या वादविवादात निक्कीला याबद्दल विचारलं गेलं. तिच्या उत्तराचा आशय असा होता की, एकाही कंपनीच्या सीईओने माझ्याकडे या झेंड्याचा विषय काढलेला नाही. हे उत्तर परत एकदा वाचा. ज्या झेंड्याखालून काळ्या माणसांना रोज जावं लागतं, त्याचा हिशेब तिने मोठ्या गिऱ्हाइकांच्या तक्रारवहीतून केला. तिथे तक्रार नाही, म्हणजे प्रश्नच नाही.

17 जून 2015 ला चार्ल्सटनमधल्या एका काळ्या लोकांच्या चर्चमध्ये बायबलच्या अभ्यासवर्गात एका गोऱ्या वंशद्वेष्ट्याने नऊ जणांना गोळ्या घातल्या. त्या झेंड्यासोबतचे त्याचे फोटो बाहेर आले. पाच दिवसांनी निक्कीने जाहीर केलं की, झेंडा उतरला पाहिजे. कायद्याने त्यासाठी दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागत होती. तिने पक्षातल्या लोकांना समजावलं. पगडीवाल्या वडिलांसोबत फळांच्या दुकानात गेल्यावर दुकानदाराने पोलीस बोलावले होते, ही लहानपणची आठवण तिने त्यांना सांगितली. 9 जुलैला तिने विधेयकावर सही केली ती नऊ पेनांनी, आणि ती पेनं त्या नऊ कुटुंबांना देण्यात आली. दुसऱ्या दिवशी झेंडा उतरला.

श्रेय तिचं एकटीचं होतं का? अजिबात नाही. आधीच्या कित्येक वर्षांची आंदोलनं होती. ब्री न्यूसम नावाची एक काळी तरुणी तर त्याच जूनमध्ये खांबावर चढून स्वतःच्या हाताने झेंडा काढून आली आणि अटक झाली. पण पक्षातल्या लोकांना नको असलेली गोष्ट सत्तेत बसून बोलणं, हे काम निक्कीने केलं. गल्ल्यावरच्या शहाणपणाच्या विरुद्ध जाऊन केलं. माझ्या मते तिच्या सगळ्या करिअरमधला हाच जमेचा मोठा आकडा आहे.

आता खर्चाची बाजू. 2011 मध्ये तिने बेकायदा स्थलांतरितांविरुद्धच्या एका कडक कायद्यावर सही केली. रस्त्यात अडवलेल्या माणसाचे कागद तपासायचा अधिकार त्यातून पोलिसांना मिळत होता. माझे आईवडील कायद्याने आले, हे तिचं स्पष्टीकरण. ते खरंही आहे. पण संशयाने बघितलं जाणं म्हणजे काय, हे त्या फळांच्या दुकानात तिने पाहिलं होतं ना?

पुढे ती संयुक्त राष्ट्रांत अमेरिकेची राजदूत झाली आणि 2023 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीत उतरली. त्या डिसेंबरमध्ये न्यू हॅम्पशायर राज्यात एका मतदाराने साधा प्रश्न विचारला, यादवी युद्धाचं कारण काय? तिने सरकारची भूमिका, लोकांचं स्वातंत्र्य असं बरंच काही सांगितलं. ‘गुलामगिरी’ हा शब्द काही आला नाही. दुसऱ्या दिवशी सारवासारव केली. ज्या बाईने तो झेंडा उतरवला, तिला कारण माहीत नसेल? माहीत होतंच. समोरच्या गिऱ्हाइकाला तो शब्द आवडणार नाही, असा अंदाज तिने बांधला असावा. आणि तो अंदाज बांधूनही उपयोग झाला नाही. 2024 च्या फेब्रुवारीत ती स्वतःच्या राज्यातच ट्रम्प यांच्याकडून मोठ्या फरकाने हरली. राजधानी वॉशिंग्टन आणि व्हरमाँट इथे जिंकून रिपब्लिकन प्राथमिक फेरी जिंकणारी पहिली महिला मात्र ठरली. मार्चमध्ये तिने माघार घेतली आणि नंतर त्याच ट्रम्प यांना पाठिंबा दिला.

तुम्ही म्हणाल, राजकारण आहे, मतदार बघूनच बोलावं लागतं. मान्य. आपण तरी काय वेगळं करतो? मी लातूरची. पहिल्या वर्षी पुण्यात आले तेव्हा प्रेझेंटेशनच्या आधी हॉस्टेलच्या आरशासमोर उभी राहून माझ्या बोलण्यातले गावाकडचे हेल पुसायची प्रॅक्टिस करायचे. उद्या कॅम्पस इंटरव्ह्यूला तुमच्यातलेही कितीतरी जण हेच करतील. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आत शिरायला थोडं वाकावं लागतं. माझा प्रश्न आत शिरल्यानंतरचा आहे. खुर्ची मिळाल्यावरही वाकलेलेच राहणार, की दाराबाहेर उभ्या असलेल्यांसाठी एकदा तरी ताठ होणार? निक्की एकदा झाली. इतर वेळी नाही. तिची गोष्ट मला म्हणूनच वाचण्यासारखी वाटते, अभिमान किंवा राग यांच्याहून कितीतरी जास्त.

हेच मराठी माणसाबद्दलही. बेळगावहून गेलेले श्री ठाणेदार उद्योजक झाले आणि 2023 मध्ये मिशिगनमधून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात पोचले. आपण टाळ्या वाजवल्या, फोटो स्टेटसला ठेवले. त्यांनी तिथे कुठल्या विधेयकावर काय मत दिलं, हे आपल्यापैकी किती जणांनी बघितलं? मीही हा लेख लिहायला घेईपर्यंत बघितलं नव्हतं.

परवा डेस्कवर परदेशातली अशीच एक बातमी माझ्याकडे आली. मी हेडिंगमध्ये त्या बाईंचं काम लिहिलं आणि ‘भारतीय वंशाच्या’ हे शब्द खाली ढकलले. सिनिअर सरांनी ते पुन्हा वर आणले. म्हणाले, ‘अगं, लोक त्यावरच क्लिक करतात.’ सरांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. गिऱ्हाईक त्यांनाही कळतं.

फक्त एक लक्षात घ्या, इथलं गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही. तुम्ही काय मागता, त्यावर उद्याचं हेडिंग ठरणार आहे.