भिंतीवरची प्रतिमा आणि खुर्चीवरचा अधिकार

डब्लिन येथील ट्रिनिटी कॉलेजच्या जुन्या ग्रंथालयातील लांब दालन जगप्रसिद्ध आहे. या दालनाच्या दोन्ही बाजूंना तत्त्ववेत्ते, साहित्यिक, शास्त्रज्ञ आणि कॉलेजचे आधारस्तंभ यांचे संगमरवरी अर्धपुतळे ओळीने मांडलेले होते. त्यांची संख्या चाळीस, आणि चाळीसही पुतळे पुरुषांचे! फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांत प्रथमच चार स्त्रियांची भर पडली. डीएनएच्या रचनेच्या शोधात मोलाचा वाटा असलेल्या रोझालिंड फ्रँकलिन, गणितज्ञ एडा लव्हलेस, नाटककार ऑगस्टा ग्रेगरी आणि स्त्रीहक्कांच्या आद्य पुरस्कर्त्या मेरी वुल्स्टनक्राफ्ट या त्या चौघी होत. कॉलेजची स्थापना १५९२ सालची. तेथे स्त्रियांना प्रवेश मिळाला १९०४ साली आणि सर्वोच्च पदावर स्त्री आली ती २०२१ साली. या तीन सनांमधील अंतर लक्षात घेतले म्हणजे चार पुतळ्यांचा समारंभ हा केवळ सजावटीचा विषय नव्हता, हे ध्यानात येते.

असे प्रयत्न अन्यत्रही झाले आहेत. ऑक्सफर्डच्या हर्टफर्ड कॉलेजने १९७४ साली स्त्रियांना प्रवेश दिला. त्या घटनेला चाळीस वर्षे झाली तेव्हा, २०१४ साली, भोजनगृहातील पुरुषांची तैलचित्रे उतरवून तेथे कॉलेजशी संबंधित एकवीस स्त्रियांची छायाचित्रे लावण्यात आली. अमेरिकेत येल विद्यापीठाने १८९४ साली प्रथम ज्या सात स्त्रियांना डॉक्टरेट दिली, त्या सातही जणींचे एकत्रित तैलचित्र २०१६ साली तेथील मुख्य ग्रंथालयात लावले गेले. ऑक्सफर्ड विद्यापीठानेही भिंतींवरील एकसुरीपणा दूर करण्यासाठी वीसांहून अधिक नवी व्यक्तिचित्रे काढवून घेतल्याचे २०१७ साली जाहीर केले. मुद्दाम खर्च करून चित्रे काढवून घ्यावीत, असे या जुन्या विद्यापीठांना का वाटावे?

याचे उत्तर व्यक्तिचित्राच्या परंपरेतच आहे. विद्यापीठातील चित्र हे सहसा गुणाचे नसते, पदाचे असते. जो कुलगुरू झाला, प्राचार्य झाला, ज्याने देणगी दिली, त्याचे चित्र निवृत्तीनंतर किंवा मृत्यूनंतर आपोआप भिंतीवर चढते. ज्यांना पदापर्यंत पोचूच दिले गेले नाही त्यांचे चित्र लागण्याचा प्रश्नच उद्‌भवत नाही. भिंत पक्षपात करीत नाही, ती नोंद ठेवते, असे म्हणून या स्थितीचे समर्थनही करता येते. परंतु या नोंदीखाली वर्षानुवर्षे बसणारा विद्यार्थी तिच्यातून कोणता अर्थ काढतो, हे पाहणेही अगत्याचे आहे. अधिकार कोणाच्या चेहऱ्याचा असतो, याचा पाठ त्याला कोणी तोंडाने देत नाही. तो परीक्षेच्या दालनात मान वर करताच मिळतो.

हा परिणाम निव्वळ कल्पनेतला नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्विस प्रयोगात विद्यार्थी व विद्यार्थिनींना संगणकनिर्मित श्रोत्यांसमोर भाषण करावयास सांगण्यात आले. समोरच्या भिंतीवर कधी बिल क्लिंटन यांचे, कधी हिलरी क्लिंटन यांचे, कधी अँगेला मर्केल यांचे चित्र होते, तर कधी कोणतेच नव्हते. चित्र नसताना वा पुरुष नेत्याचे असताना विद्यार्थिनी विद्यार्थ्यांपेक्षा कमी वेळ बोलल्या. स्त्री नेत्याचे चित्र असताना हा फरक उरला नाही. एका प्रयोगावर सिद्धान्ताची इमारत उभारणे योग्य नव्हे. तथापि त्यातील एक गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. ज्यांची चित्रे परिणामकारक ठरली त्या दोघीही सत्तेच्या स्थानी वावरलेल्या होत्या.

अशा उपक्रमांवर घेतला जाणारा पहिला आक्षेप इतिहास पुसला जाण्याचा आहे. बोस्टन येथील ब्रिगम अँड विमेन्स या हार्वर्डशी संलग्न रुग्णालयाने २०१८ साली आपल्या व्याख्यानगृहातील एकतीस चित्रे हलवली, तेव्हा हा वाद जोरात झाला. त्या चित्रांपैकी तीस गौरवर्णीय पुरुषांची आणि एक चिनी वंशाच्या पुरुषाचे होते. ती फेकून दिली नव्हती, रुग्णालयात अन्यत्र लावण्याचे ठरले होते. आक्षेपात तथ्य नाही असे नाही. ज्यांनी संस्था उभारली त्यांच्या श्रमांचे स्मरण राहिलेच पाहिजे. परंतु कोणती स्मृती मध्यवर्ती सभागृहात ठेवावी आणि कोणती बाजूच्या दालनात, हा निर्णय प्रत्येक पिढी घेतच आली आहे. आजची भिंतही अशाच पूर्वीच्या निर्णयांतून घडलेली आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चित्र लावले की कर्तव्य संपले, अशी सोयीची समजूत संस्थाचालक करून घेतील, ही ती भीती होय. तिला इतिहासाचाच आधार आहे. ऑक्सफर्डचे वॉडम कॉलेज १६१० साली स्थापन झाले ते डोरोथी वॉडम या स्त्रीच्या कर्तृत्वाने. पतीच्या मृत्यूनंतर वयाच्या पंचाहत्तरीच्या सुमारास त्यांनी हे काम तडीस नेले. त्यांचा पुतळा पतीच्या पुतळ्याशेजारी कॉलेजच्या आवारात शतकानुशतके उभा आहे. मात्र त्याच आवारात विद्यार्थिनी म्हणून स्त्रीला प्रवेश मिळण्यास १९७४ साल उजाडावे लागले! संस्थापक स्त्रीची प्रतिमा साडेतीनशे वर्षे डोळ्यांसमोर असूनही दार उघडले नाही. दात्री, माता, राणी या रूपांतील स्त्रीला भिंतीवर स्थान देण्यास जुन्या संस्थांची कधीच हरकत नव्हती. बरोबरीने बसून निर्णय घेणारी स्त्री मात्र त्यांना परवडत नव्हती.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी थेट संबंध आहे. नाशिक येथे १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. परीक्षेतील यशामुळे विलायतेत शिकण्यासाठी मिळू शकणारी सरकारी शिष्यवृत्ती त्यांना केवळ स्त्री म्हणून नाकारण्यात आली. इंग्लंडमधील हितचिंतकांच्या मदतीने त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात गेल्या आणि १८९२ साली कायद्याच्या उच्च परीक्षेस बसलेल्या पहिल्या स्त्री ठरल्या. पण विद्यापीठाने स्त्रियांना पदवी देण्यास सुरुवात केली १९२० साली. परिणामी सोराबजींच्या हाती पदवी पडली ती परीक्षेनंतर तब्बल तीस वर्षांनी. अशा स्त्रीचे नुसते चित्र लावून खाली ‘पहिली स्त्री पदवीधर’ एवढेच लिहिणे म्हणजे संस्थेने तिच्या यशाचे श्रेय घेऊन स्वतःच्या नकाराची नोंद मात्र गाळणे होय.

आपल्याकडे प्रतिमांची वाण नाही. ३ जानेवारीस शाळाशाळांतून सावित्रीबाई फुले यांच्या प्रतिमेला हार घातला जातो. पुणे विद्यापीठाला २०१४ साली त्यांचे नाव दिले गेले आणि २०२२ साली तेथे त्यांचा पुतळाही उभा राहिला. हे सर्व यथोचितच झाले. पण हार आणण्याचे आणि रांगोळी काढण्याचे काम शिक्षिकांकडे आणि अध्यक्षस्थान पुरुषाकडे, ही अनेक ठिकाणची रीत अजून सुटलेली नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. बालशल्यविशारद डॉ. स्नेहलता देशमुख १९९५ साली त्याच्या कुलगुरू झाल्या. त्यांची कारकीर्द २००० साली संपली. तेव्हापासून २०२३ पर्यंत नेमल्या गेलेल्या नियमित कुलगुरूंमध्ये एकही स्त्री नाही. शेजारच्या बडोद्यात हंसा मेहता १९४९ सालीच विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या होत्या. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यातील ‘सर्व पुरुष’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग बदलून ‘सर्व मानव’ असा करण्याचा आग्रह धरणाऱ्या त्याच या विदुषी.

तेव्हा चित्रे काढवून घ्यावीतच, परंतु काही पथ्ये पाळून. पहिले पथ्य निवडीचे. थोर विभूतींबरोबरच ज्यांनी त्या संस्थेत प्रत्यक्ष कारभार केला त्या प्राचार्या, विभागप्रमुख, ग्रंथपाल, कुलसचिव यांची निवड व्हावी, आणि त्यांत हयात व कार्यरत स्त्रियाही असाव्यात. दुसरे पथ्य जागेचे. चित्र मुलींच्या वसतिगृहात किंवा जिन्याच्या वळणावर न लावता दीक्षान्त सभागृहात, अधिसभेच्या दालनात लावावे. मुलांनीही ते पाहणे तितकेच आवश्यक आहे. तिसरे पथ्य मजकुराचे. कार्यकाळ आणि कार्य यांबरोबर कोणता अडथळा ओलांडावा लागला, हेही चित्राखालच्या ओळींत यावे. खर्चाची सबब फारशी टिकणारी नाही. हर्टफर्डने छायाचित्रांवर काम भागविले, येलने सात जणींना एका चित्रात आणले. तालुक्याच्या महाविद्यालयालाही हे अशक्य नाही.

चौथे पथ्य सर्वांत महत्त्वाचे आहे. विद्यापीठाच्या वार्षिक अहवालात विद्वत् परिषद, व्यवस्थापन परिषद, अधिष्ठाते आणि विभागप्रमुख यांत स्त्रिया किती, याचा आकडा दरवर्षी छापला जावा. हा आकडा जोवर पुढे सरकत नाही, तोवर नव्या चित्राचे अनावरण करणाऱ्यांना त्याचे कारण विचारण्याचा अधिकार शिक्षकांना, कर्मचाऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना असला पाहिजे. भिंतीवरील एकाकी चित्राकडे पाहून एखादी विद्यार्थिनी ‘यांच्यानंतर कोण?’ असे विचारील, तेव्हा नाव सांगता येईल अशी तयारी निवड समित्यांनी आजपासून ठेवावी.