कळ भिंतीवरची आणि खिशातली

तिन्हीसांजेला घरात दिवा लावणे हे एके काळी एक स्वतंत्र काम होते. कंदिलाची काच राखेने घासून पुसावयाची, वात कातरावयाची, रॉकेल भरावयाचे आणि मग काडी ओढावयाची. निजतेवेळी तोच दिवा मालवावयाचा; विझवला असे कोणी म्हणत नसे. विजेने ही सारी खटपट एका कळीवर आणून ठेवली. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात १८८२ साली विजेचे दिवे लागले, १९१५ साली खोपोलीस टाटांचे जलविद्युत् केंद्र सुरू झाले, आणि पुढे कित्येक दशकांनी गावोगावच्या घरांतही भिंतीवर लाकडी पट्टी व तिच्यावर काळी कळ दिसू लागली. या कळीची अट एकच होती : तिच्यापर्यंत हात पोचला पाहिजे. स्मार्ट प्लग नावाच्या लहानशा वस्तूने आता तीही अट काढून टाकली आहे.

या वस्तूत मोठेसे गूढ नाही. भिंतीवरील सॉकेट आणि विजेचे उपकरण यांच्या मध्ये बसणारी ती मुठीएवढी पेटी असते. तिच्या आत विद्युत्चुंबकाने उघडझाप करणारी एक कळ असते. तिला रिले म्हणतात. तिच्या शेजारी वाय-फायचा संदेश ऐकणारी एक चिप असते. मोबाईलवर बोट टेकवले की संदेश घरातील राउटरवाटे बाहेर पडतो, बहुधा प्लग बनविणाऱ्या कंपनीच्या दूरच्या संगणकापर्यंत जातो आणि तेथून हुकूम घेऊन परत घरी येतो. माजघरात बसून दिवाणखान्यातील दिवा मालवावयाचा, तर त्या आज्ञेला पुष्कळदा असा शेकडो कोसांचा प्रवास घडतो. एवढा प्रवास क्षणार्धात होतो हे नवल खरेच. परंतु ‘स्मार्ट’ हे विशेषण त्या पेटीला जरा उदारपणेच दिलेले आहे. तिला आज्ञा पाळता येते, आज्ञेचा विचार करता येत नाही.

महाराष्ट्रात दुरून कळ फिरविण्याची गरज दिवाणखान्यात फारशी भासली नाही. ती विहिरीच्या काठी भासली. शेतीच्या पंपांना अनेक वर्षे चक्राकार पद्धतीने कधी दिवसा, तर कधी रात्री वीज मिळत आली. मध्यरात्री वीज आली की शेतकऱ्याने अंधारातून, चिखलातून, विंचूकाट्याची भीती बाळगीत पंपापर्यंत जावयाचे, आणि तेथे पोचेपर्यंत वीज पुन्हा गेलेली असावयाची, हा अनुभव घरोघरचा आहे. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी आपल्या आजोबांचे असे कष्ट पाहिले होते. त्यांनी तयार केलेल्या ‘नॅनो गणेश’ या यंत्रामुळे शेतकऱ्याला घरबसल्या मोबाईलवरून पंप चालू वा बंद करता येऊ लागला, आणि वीज आली आहे की नाही हेही जागेवरच कळू लागले. ज्या मनुष्याची रात्रीची पायपीट अशी वाचली, त्याला दुरून फिरणारी कळ हे आळशाचे खेळणे आहे असे कोणी सांगू नये.

त्याच विहिरीच्या काठी दुसराही धडा मिळालेला आहे. काही शेतकऱ्यांनी पंपाला ऑटो स्विच जोडले. वीज येताच हे स्विच आपण होऊन पंप सुरू करते. कोणी विचारावयास नको, कोणी जावयास नको. एका शेतात ही सोय निर्दोष होती. पण वीज आली की एका रोहित्रावरचे सगळे पंप एकाच क्षणी सुरू होऊ लागले. मोटार सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट विजेचा प्रवाह ओढते. हा सारा भार एकदम अंगावर आला म्हणजे रोहित्र जळते, आणि मग ऑटो स्विच लावणारा व न लावणारा असे दोघेही शेतकरी ऐन हंगामात कोरडेच बसतात. ऑटो स्विच काढून टाकावे व कपॅसिटर बसवावे असे आवाहन महावितरणला वारंवार करावे लागले ते यामुळेच. ‘नॅनो गणेश’मध्ये कळ दूर गेली होती, पण ती फिरवणारा मनुष्य जागा होता. ऑटो स्विचने मनुष्यालाच बाजूला केले. दुरून चालणारी कळ आणि निर्णयावाचून चालणारी कळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि स्मार्ट प्लगमध्ये त्या एकाच पेटीत नांदतात.

म्हणून घरात तो कोठे लावावा, याला महत्त्व आहे. टेबलावरचा दिवा, पंखा, देवघरातील विजेची माळ यांना तो लावण्यास काहीच हरकत नाही. पाणी तापविण्याच्या बंबाची गोष्ट वेगळी. आपल्याकडे घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. २००० वॉटचा बंब त्या दाबावर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह ओढतो. भिंतीवरची सॉकेटे ६ व १६ अँपिअरची असतात. बंबाला १६ अँपिअरचाच प्लग पाहिजे. स्वस्त मिळाला म्हणून लहान क्षमतेचा प्लग तेथे खुपसणे म्हणजे बैलगाडीच्या चाकावर मालमोटारीचे ओझे लादण्यासारखे आहे. रिलेची टोके अतिप्रवाहाने तापून एकमेकांस चिकटू शकतात. अशा वेळी मोबाईलवर ‘बंद’ हा शब्द दिसत राहतो आणि इकडे पाणी उकळत राहते. इस्त्री व शेगडी यांच्या बाबतीत तर घराबाहेरून बंद करण्याचाच अधिकार वापरावा, चालू करण्याचा कधीही नाही. वीज जाऊन परत आली म्हणजे प्लगने चालू राहावे की बंद, हे पुष्कळ प्लगांत आधी ठरवून ठेवता येते. ऑटो स्विचची कथा ज्याने ऐकली आहे त्याला तेथे काय निवडावे हे सांगावे लागणार नाही.

वीज वाचते, असा या प्लगाचा मोठा डांगोरा पिटला जातो. त्याचाही हिशेब सोपा आहे. आज्ञेची वाट पाहत जागा राहण्यासाठी प्लग स्वतः साधारण एक वॉटच्या आसपास वीज खातो. एक वॉट वर्षभर, म्हणजे ८,७६० तास, सतत जळला तर ८.७६ युनिटे होतात. दूरदर्शनसंचासारखी उपकरणे बंद असताना जी वीज खातात तिच्यावर युरोपीय संघाने २०१० पासून एक वॉटची आणि २०१३ पासून बहुतेकांवर अर्ध्या वॉटची मर्यादा घातली. अशा अर्ध्या वॉटच्या चोराला पकडण्यासाठी एक वॉटचा पहारेकरी नेमण्यात काटकसर कोणती? भिंतीवरची कळ बंद केली तर चोर नाही आणि पहारेकरीही नाही. बंब वेळेवर बंद करावयाचा असेल तर मात्र प्लगाचे घड्याळ खरोखर पैसे वाचविते. केंद्र सरकारने २०२३ मध्ये वीजग्राहकांविषयीच्या नियमांत दुरुस्ती करून दिवसाच्या वेळेनुसार वेगवेगळा वीजदर हे तत्त्व स्वीकारले आहे. ते जसजसे घरोघर लागू होईल तसतसे हे घड्याळ अधिक उपयोगी पडेल.

पैशाचा प्रश्न असा सुटतो. माणसांचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. पक्षाघाताने अंथरुणास खिळलेल्या मनुष्याला पंखा लावण्यासाठी दर वेळी कोणाला तरी हाक मारावी लागते. हाक मारण्याचा संकोच उकाड्याहून अधिक जाचतो. त्याच्या उशाशी असलेला मोबाईल त्याला तो पंखा परत देतो. घरात या वस्तूचे याहून मोठे समर्थन असू शकणार नाही. पण त्याच घरातील म्हाताऱ्या आजीकडे मोबाईल नसतो, किंवा असला तरी बोलण्यापुरताच असतो. निजण्यापूर्वी घरभर फिरून एकेक कळ बंद करणे हा तिचा पन्नास वर्षांचा नेम. आपल्याकडे सॉकेटाच्या शेजारी त्याची स्वतंत्र कळ असते. ती आजीने बंद केली की स्मार्ट प्लग मुका व बहिरा होतो, आणि सकाळी घरातील तरुण मंडळी तिच्यावर चिडतात. लगेच त्या कळीवर चिकटपट्टी लावली जाते : हात लावू नये. आजन्म घर सांभाळलेल्या बाईला तिच्याच घरात दिवा मालवण्याची बंदी होते, आणि ती कोणी मुद्दाम घातलेलीही नसते! चूक आजीची नव्हे. जी सोय एकाला मोकळे करते आणि दुसऱ्याला परावलंबी करते, तिची मांडणी कोठे तरी फसलेली आहे.

परदेशी नोकरी करणारी मुले गावाकडच्या आईवडिलांच्या घरी असे प्लग बसवून देतात. बंब चालू राहिला तर मुलगा तिकडून तो बंद करतो. यात माया आहे, याविषयी शंका नाही. परंतु वडिलांच्या खोलीतील दिवा किती वाजता लागला व किती वाजता मालवला, याची नोंदही त्याच मोबाईलवर उमटत असते. ती रोज पाहण्यापूर्वी वडिलांना एकदा विचारावे. मायेलाही दार वाजविण्याची रीत असावी.

आता कंपनीच्या त्या दूरच्या संगणकाकडे वळले पाहिजे. भिंतीवरची कळ विकणारा दुकानदार उद्या दुकान मोडून गेला तरी कळ चालतच राहते. खिशातल्या कळीचे तसे नाही. घरातील उपकरणांना आज्ञा देणारी ‘रिव्हॉल्व्ह’ नावाची पेटी ‘नेस्ट’ या अमेरिकन कंपनीने २०१४ साली आपल्या ताब्यात घेतली आणि २०१६ च्या मे महिन्यात तिची सेवा थांबविली. विकत घेणाऱ्यांच्या घरी पेटी धडधाकट होती, पण तिला उत्तर देणारे कोणी उरले नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये ‘इन्स्टिऑन’ कंपनीचे संगणक तर पूर्वसूचनेवाचून बंद पडले. मोबाईलवरून दिलेल्या आज्ञा वाऱ्यावर गेल्या. भिंतीवर बसविलेल्या तिच्या कळी मात्र हाताने दाबताच चालत होत्या. पुढे जूनमध्ये त्याच कंपनीच्या काही ग्राहकांनी मिळून ती विकत घेतली व सेवा पुन्हा सुरू केली. आपल्या घरातील दिवा आपल्या हाती राहावा म्हणून ग्राहकांनी अख्खी कंपनी विकत घ्यावी, हा प्रकार ऐकावयास गमतीचा आहे. प्रत्येक घरमालकाला तो परवडणारा नाही.

याला उपाय नाहीत असे नव्हे. २०२२ मध्ये निरनिराळ्या कंपन्यांनी एकत्र येऊन ‘मॅटर’ नावाचे एक समान मानक प्रसिद्ध केले. त्यानुसार केलेल्या प्लगाला घरातल्या घरात आज्ञा देता येते. तेवढ्यासाठी दूरच्या संगणकाची परवानगी लागत नाही. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने इंटरनेटला जोडलेल्या घरगुती वस्तूंना सर्वांसाठी एकच ठरीव परवलीचा शब्द ठेवण्यास मनाई केली, आणि सुरक्षेची डागडुजी निदान किती काळ मिळेल हे निर्मात्याने जाहीर करावे असे बंधन घातले. भारतीय ग्राहकाला प्लगाच्या खोक्यावर अँपिअर आणि किंमत वाचावयास मिळते. त्याच ओळीत ‘इंटरनेटवाचून चालतो की नाही’ आणि ‘सेवा अमुक सालापर्यंत’ हे दोन तपशील ठळक अक्षरांत असावेत, अशी मागणी ग्राहकांनी केली पाहिजे. आणि प्लगाच्या अंगावर जे चिमुकले बटण असते ते कपाटामागे दडपून न टाकता, आजीचा हात पोचेल अशा उंचीवर समोर ठेवण्यासाठी तर कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. सॉकेट कोठे बसवावयाचे हे घर बांधतानाच वायरमनला सांगता येते.